बारा ठरवल्या, तेरा झाल्या : सैनिकी टोप्यांच्या प्रतिकृती करतानाच्या नोंदी

२ जुलै

भाच्याच्या शाळेत १६ ऑगस्टला इतिहासाचं प्रदर्शन आहे. त्यांच्या बाईंचा फोन आला, "वेगवेगळ्या काळातल्या सैनिकांच्या टोप्या करून द्याल का? खाली नावाच्या पट्ट्या लावू. आणि मुलं घालून बघणार हं." नाटकांसाठी मुकुट आणि पगड्या पुष्कळ केल्यात, म्हणून हो म्हणून बसले. सहा आठवडे आहेत. रोज रात्री दोन तास धरलेत.

यादी अशी : ट्रायकॉर्न, बायकॉर्न, शाको, चापका, बेअरस्किन, केपी, पिकेलहाउब, सोला टोपी, स्लाउच हॅट, ब्रोडी हेल्मेट, बेरे, उशांका (कान झाकणारी रशियन केसाळ टोपी). एकूण बारा.

कामापुरती एक खूणगाठ बांधून घेतली. चहूबाजूंनी कड असेल तर हॅट. कड नाही, असलीच तर फक्त पुढे चोच, तर कॅप. मार अडवायला केलेलं असेल ते हेल्मेट. साच्यांचे तीन गठ्ठे त्याप्रमाणे लावले. (शाको पहिल्याच दिवशी कुठल्याच गठ्ठ्यात नीट बसेना. चोच आहे म्हणून कॅप म्हणावी, तर अंगाने सरळ डबा.)

५ जुलै

भाच्याचं डोकं मोजलं. भुवयांच्या वर बोटभर फीत ठेवून ५७ सेंमी. पाच मिमी जाडीच्या फोम शीटची ५७ सेंमीची पट्टी कापली, टोकाला टोक चिकटवलं, घातली. "मावशी, कान दुखतायत."

चूक साधी आहे, पण तीन पट्ट्या त्यात गेल्या. पट्टी वाकवली की आतली बाजू दबते आणि आतला घेर कमी भरतो. पाच मिमी जाडीला साधारण दीड सेंमी कमी होतो. म्हणजे ५७ च्या डोक्याला पट्टी साडेअठ्ठावन्नची हवी, वर घामपट्टीसाठी अर्धा सेंमी. पुठ्ठा दोन मिमीचा असेल तर अर्ध्या-पाऊण सेंमीत भागतं.

दुसरं, डोकं गोल नसतं. १८ सेंमी व्यासाचं वर्तुळ केलं की घेर ५७ च्या आसपास येतो खरा, पण टोपी कपाळावर टोचते आणि कानांवर हलते. लांबी २० आणि रुंदी १६ च्या थोडी वर, असा लंबगोल काढला आणि टोपी लगेच बसली. हा लंबगोल जाड पुठ्ठ्यावर कापून भिंतीला टांगलाय. पुढच्या सगळ्या टोप्या त्याच्यावरच.

८ जुलै

ट्रायकॉर्न. खरं म्हणजे हे नाव नंतरचं. अठराव्या शतकात ही हॅट घालणारे तिला नुसतं 'कॉक्ड हॅट' म्हणत, म्हणजे कड वर वळवलेली हॅट. 'ट्रायकॉर्न' हा शब्द एकोणिसाव्या शतकात रूढ झाला, तोवर ती हॅट सैन्यातून गेलेली होती. करताना याचा उपयोग असा, की तिकोनी काहीच कापायचं नाही. सपाट कडेची गोल हॅट करायची आणि कड तीन ठिकाणी उचलून टाचायची, तीन कोपरे आपोआप पडतात. मी आधी तिकोनी कड कापायला निघाले होते, थोडक्यात वाचले.

वाचले ते तेवढ्यापुरतंच. कड आठ सेंमी ठेवली. उचलल्यावर ती माथ्याच्या मध्यापर्यंतच आली आणि हॅट होडीसारखी दिसायला लागली. फेल्टची एक मोठी चकती गेली. दुसऱ्या चकतीला कड बारा सेंमी ठेवली, बरोबर झाली.

फेल्टला ताठपणा यावा म्हणून फेविकॉल लावला, तोही घट्टच. वाळल्यावर पृष्ठभाग चकचकीत झाला आणि घडीवर पापडासारखा तडकला. तो भाग ओला करून खरवडला, एक अख्खी संध्याकाळ गेली. आता प्रमाण एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी. आतल्या बाजूने दोन हात द्यायचे आणि कड ओली असतानाच चिमटे लावून वळवायची.

११ जुलै

बायकॉर्न त्याच साच्यावर निघाली, फक्त कड दोनच ठिकाणी उचलायची, पुढे आणि मागे. दोन तासांत झाली. नेपोलियनची म्हणून करायची असल्याने सोनेरी गोट लावला नाही. त्याची साधी काळी असे, बाजूला निळ्या-पांढऱ्या-लाल फितीचं फूल, बस्स. फितीचं फूल तीनदा उसवलं. चुण्या मोजून घातल्या नाहीत की ते फूल न दिसता गुंडाळलेला रुमाल दिसतो. सोळा चुण्या, प्रत्येक एक सेंमी.

१४ जुलै

शाको. या दिवसाबद्दल सविस्तर लिहिते, कारण शाकोसाठी सगळे इथेच अडखळतील.

शब्द हंगेरियन 'चाको'वरून आलेला. उंच, कडक, पुढे चोच, वर तुरा किंवा गोंडा. मला करायचा होता वर रुंद होत जाणारा, घंटा उलटी ठेवल्यासारखा. खाली घेर ५८, वर ६८, उंची २०. पुठ्ठ्याची सरळ पट्टी कापली, वरून थोडी ताणून घेऊ म्हटलं. पुठ्ठा कसला ताणतोय! वर काप देऊन पाचरी घातल्या तर बादलीला ठिगळं लावल्यासारखं दिसायला लागलं. पाचरी काढल्या आणि गुपचूप सरळ नळकांडंच चिकटवलं.

मग कपाळावर हात मारला. सरळ नळकांड्याचा शाको होताच की! ब्रिटिश सैन्याने १८०० च्या सुमाराला घेतलेला शाको असाच सरळ होता आणि त्याला 'स्टोव्हपाइप' म्हणत, म्हणजे शेगडीचं धुराडं. १८१२ मध्ये त्याच्या जागी 'बेल्जिक' आला, त्याची पुढची भिंत माथ्यापेक्षा उंच. म्हणजे माझं फसलेलं नळकांडं फेकायचं काही कारण नव्हतं. त्याला काळं कापड लावलं, चोच बसवली, पुढे पितळी रंगाची पाटी आणि वर पांढरा-लाल तुरा. यादीत नसलेली एक टोपी हातात आली.

१५ जुलै

रुंद होत जाणारा शाको मात्र हवाच होता. त्याला पट्टी सरळ चालत नाही, कमानीच्या आकाराची लागते. हिशोब असा बसला : आतली त्रिज्या ११६ सेंमी, बाहेरची १३६, कोन साडेअठ्ठावीस अंशांच्या जरा वर. आतल्या कमानीची लांबी ५८, बाहेरचीची ६८. एवढा मोठा कंपास कुठून आणायचा? फरशीवर जुनी वर्तमानपत्रं पसरली, एका टोकाला भाच्याने अंगठ्याने दोरी दाबून धरली, दुसऱ्या टोकाला पेन्सिल बांधून मी गुडघ्यांवर सरकत कमान काढली. पहिल्या खेपेला दोरी ताणली गेली आणि कमान मधे फुगली. दोरी बदलून न ताणणारा सुतळीचा तोडा घेतला. कमान कापून वाकवली आणि काहीही न ओढता-ताणता शाको आपला आपण वर रुंदावत गेला. दोघंही थोडा वेळ नुसते त्याच्याकडे बघत बसलो.

जोड नेहमी मागे घ्या. मी डाव्या बाजूला घेतला, तो उजेडात दिसतो.

१९ जुलै

बेअरस्किन. वाईट दिवस.

लंडनच्या राजवाड्यासमोरच्या रक्षकांची ती उंच केसाळ टोपी. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर ग्रेनेडियर गार्ड्स या रक्षक पलटणीला मिळाली, पुढे बाकीच्या फूट गार्ड्सनाही, म्हणजे पायदळी रक्षकांना. उंची सुमारे ४६ सेंमी. अस्वलाच्या कातड्याखाली वेताचा सांगाडा असायचा. मी वेताऐवजी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा पिंजरा केला, तो चांगला झाला. घोळ घातला तो फरने.

नकली फरचं काळं कापड घरात होतं, ९० बाय ४० सेंमी. कात्रीने सरळ कापलं. कात्रीने कापडाबरोबर केसही कापले गेले आणि कडेला न्हाव्याने भांग पाडावा तशी रेघ उठली. घरभर काळे केस, पंखा चालू होता हे वेगळं सांगायला नको. फर कापायची ती उलट बाजूने, ब्लेडने, फक्त मागचं कापड चिरत. मग दोन्ही हातांनी ओढून वेगळं करायचं. केस आपोआप सुटतात, एकही तुटत नाही.

हे कळेपर्यंत उंचीला कापड कमी पडलं होतं. वर तुकडा जोडला तर जोडाच्या वरचे केस वर आणि खालचे खाली. फरला दिशा असते, हात फिरवून आधी बघायला हवी होती. उसवलं. हातात उरली साधारण वीस सेंमी रुंदीची एक धड पट्टी.

२० जुलै

सकाळी बाईंना सांगितलं, बेअरस्किन नाही होणार. त्या म्हणाल्या, "अहो, मग छोटी करा ना, तीच." तीच छोटी केली की ती बेअरस्किन राहत नाही. लोक सर्रास दोन्हींना बझबी म्हणतात, ते चूक. बझबी ही हुसार नावाच्या हलक्या घोडदळाची बुटकी केसाळ टोपी, मूळ हंगेरीकडचं. बेअरस्किनपासून तिला ओळखायची खूण म्हणजे माथ्यातून निघून एका बाजूला लोंबणारी रंगीत कापडी पिशवी. बेअरस्किनला ही पिशवी नसतेच.

वीस सेंमीच्या पट्टीत बझबी आरामात बसली. लाल सॅटिनची पिशवी उजव्या बाजूला, पुढे तुरा. चार तास. पुठ्ठ्याचा उंच पिंजरा रिकामा उभा आहे, त्यावर सध्या सुतळीची गुंडी ठेवते.

२४ जुलै

चापका सोडली. पोलिश भालाईतांची, माथ्यावर चौकोनी पाटी असलेली टोपी. पोलिश भाषेत 'चापका' म्हणजे नुसती टोपी, कुठलीही. बाहेरच्या सैन्यांनी मात्र तो शब्द या एकाच टोपीला चिकटवला. खाली लंबगोल, मधे कमरेसारखी चिंचोळी, वर चौकोन. दोन रात्री घालवल्या, कमरेपाशी पुठ्ठा फाटला. कापड चुण्या घालून ताणलं असतं तर जमलं असतं, पण एवढा वेळ नाही. उशांकाही यादीतून काढली, फर संपली.

२६ जुलै

केपी. फ्रेंच. बुटकी, माथा चपटा आणि पुढे किंचित झुकलेला, सपाट चोच. फ्रेंच फॉरेन लीजनची, म्हणजे परदेशी सैनिकांच्या फ्रेंच दलाची, पांढरी असते. मी निळ्या कापडाची शिवली, उंची जरा जास्त ठेवली आणि कांजीचं अस्तर घालायला विसरले. डोक्यावर ठेवली तर माथा पुढे लुळा पडला.

पुन्हा तेच झालं. लुळा पडणारा उंच माथा ही अमेरिकेची १८५८ ची फोरेज कॅप. १८६१ ते ६५ च्या यादवीतल्या फोटोंत उत्तरेच्या सैनिकांच्या डोक्यावर दिसते ती बहुतेक हीच, आणि तिलाही लोक बिनदिक्कत केपी म्हणून मोकळे होतात. तिच्या माथ्यावर पुठ्ठ्याची छोटी चकती घातली, म्हणजे लुळेपणा ठरवून केलेला वाटतो. पट्टीवर 'फोरेज कॅप'.

दुसऱ्या दिवशी खरी केपी केली. उंची चार सेंमीने कमी, बाजूंना कॅनव्हासचं ताठ अस्तर. चोचीसाठी दोन मिमीचा पुठ्ठा ओला करून बाटलीवर वाळवला की बाक धरून ठेवतो. कोरडाच वाकवला तर सुरकुतीवर मोडतो.

३० जुलै

पिकेलहाउब. प्रशियाच्या (जुन्या जर्मन राज्याच्या) राजाने १८४२ मध्ये सैन्याला दिलेलं, टोकदार खिळ्याचं, कडक केलेल्या चामड्याचं. मी कागदाचा लगदा फुग्यावर थापला. रात्री गारवा आला, फुगा आक्रसला आणि सकाळी माथ्याला खळगा. फुगा वापरू नका. स्टीलचं वाडगं पालथं घालून, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी ताणून थापा. वर्तमानपत्राचे सात थर, दर तीन थरांनंतर एक दिवस वाळवण. चार दिवस गेले. ओल्यावर ओले थर चढवले तर आतून बुरशी येते, तीही एका साच्यावर बघून झाली.

खिळा पुठ्ठ्याच्या शंकूचा केला. भाच्याने घालून दारातून येताना चौकटीला ठोकला, मोडला. पुन्हा केला. मग बाईंचा निरोप आला, टोकदार काही नको, लहान वर्गातली मुलंही येणार आहेत. आता बिनखिळ्याचं पिकेलहाउब कसं द्यायचं? तोडगा तिथल्याच तोफखान्यात सापडला. प्रशियाचे तोफखान्याचे सैनिक खिळ्याऐवजी गोळा लावत. टेबल टेनिसचा चेंडू सोनेरी रंगवून बसवला. चार पाकळ्यांच्या बैठकीवर बारीक भोकं पाडायला विसरू नका, खऱ्या खिळ्याच्या बुडाशी हवा जायला ती असायची.

२ ऑगस्ट

ब्रोडी हेल्मेट, सगळ्यात सोपं. जॉन ब्रोडी यांनी १९१५ मध्ये पेटंट घेतलं, पोलादाच्या एकाच पत्र्यातून दाबून काढलेली पसरट थाळी. वरून फुटणाऱ्या गोळ्यांच्या कपच्या अडवायच्या म्हणून कड रुंद. वाडग्यावर लगद्याचा माथा, भोवती पुठ्ठ्याची कड. रंग दिल्यावर प्लॅस्टिकच्या ताटलीसारखं चकाकलं. खऱ्या हेल्मेटचीही हीच अडचण होती, चकाकी लांबून दिसायची, म्हणून पुढे रंगात भुसा किंवा वाळू मिसळून पृष्ठभाग खरखरीत करत. ओल्या रंगावर चाळलेला लाकडाचा भुसा भुरभुरवला, वाळल्यावर झटकून वर पुन्हा एक हात. तेवढ्याने पुठ्ठ्याचा पत्रा झाला.

५ ऑगस्ट

सोला टोपी. शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या हलक्या गाभ्याची, म्हणून सोला. इंग्रजीत ऐकणाऱ्यांनी त्याचं 'सोलर' करून टाकलं, उन्हाची टोपी म्हणून. तिच्याभोवती गुंडाळायच्या कापडाला इंग्रज 'पगरी' म्हणत, आपली पगडीच ती.

मी गाभ्याऐवजी फोमच्या सहा पाकळ्या चिकटवल्या. पांढरं मलमल भोवती चुण्या घालून गुंडाळलं. मग ते चहात रंगवायची हौस आली. १८७९ च्या झुलू युद्धात ब्रिटिश सैनिकांनी आपल्या पांढऱ्या टोप्या लांबून दिसू नयेत म्हणून चहानेच मळकट केल्या होत्या. कापड कोरडंच चहात बुडवलं आणि नकाशासारखे डाग पडले. आधी साध्या पाण्यात भिजवून, पिळून, मग चहात. दुसरं मलमल एकसारखं निघालं. पण चुण्या चहानंतर घालायच्या, आधी नाही. आधी घातल्या तर घडीच्या आत रंगच जात नाही.

८ ऑगस्ट

स्लाउच हॅट, ऑस्ट्रेलियन. ट्रायकॉर्नच्या उरलेल्या फेल्टमधून. डावी कड वर टाचलेली असते, खांद्यावर रायफल घेताना अडू नये म्हणून. मी आरशात बघून उजवी टाचली. टाका काढला, भोक राहिलं, बॅज लावून झाकावं तर बॅज डाव्या बाजूला हवा. भोकावर आतून फेल्टचा ठिपका चिकटवला आहे, कुणी निरखून बघू नये.

९ ऑगस्ट

बेरे विकतची घेतली, लोकरीची काळी. विकतची बेरे डोक्यावर इडलीपात्राच्या झाकणासारखी बसते, तिला घडवावी लागते. गरम पाण्यात बुडवायची, पिळायची नाही, टॉवेलमध्ये दाबायची. ओलीच डोक्यावर घालून पट्टी भुवयांच्या वर सरळ, जादा कापड उजव्या कानाकडे ओढून खाली दाबायचं आणि वाळेपर्यंत तशीच घालून बसायचं. भाचा अर्ध्या तासात पळाला. बाकीचे तीन तास मी घालून बसले, मानेवर काळं पाणी ओघळत. वाळल्यावर वरचे तंतू साध्या रेझरने हलक्या हाताने काढले, कापड गुळगुळीत झालं. दाबून फिरवू नका, एका जागी विरलंच.

ब्रिटिश रणगाडा दलाने काळी बेरे १९२४ मध्ये घेतली. तेलाचे डाग दिसत नाहीत आणि कड नसल्याने डोळा दुर्बिणीला टेकवता येतो. फ्रेंच मात्र कापड डावीकडे ओढतात आणि बिल्ला उजवीकडे लावतात. म्हणून बिल्ला शिवण्याआधी कुठल्या सैन्याची ते ठरवा.

१२ ऑगस्ट

पट्ट्या लिहायला बसले. आई शेजारी विणत होती, विचारलं, "यात माकडटोपी का नाही?" थट्टा वाटली, पण बरोबर होतं. माकडटोपीला इंग्रजीत बालाक्लाव्हा म्हणतात, क्रिमियातल्या त्या गावावरून, जिथे १८५४ मध्ये लढाई झाली. आईनेच गेल्या वर्षी विणलेली करड्या लोकरीची कपाटात होती. धुऊन ठेवली. सगळ्यात कमी वेळ लागलेली आणि एकमेव नीट झालेली वस्तू तीच.

हिशोब : ठरवलेल्या बारांपैकी नऊ झाल्या. चापका, बेअरस्किन, उशांका गेल्या. न ठरवता आलेल्या चार : स्टोव्हपाइप शाको, बझबी, फोरेज कॅप, माकडटोपी. वेळ ८० तास धरला होता, गेला ११०. वाया गेलेलं : फेल्टची एक चकती, पुठ्ठ्याचे पाच मोठे ताव, फोमच्या तीन पट्ट्या, मलमलाचा एक तुकडा आणि बझबीला लागली ती सोडून सगळी फर.

१६ ऑगस्ट

सकाळी मांडणी केली. चहा प्यायला गेले तेवढ्यात कुणीतरी नेपोलियनची बायकॉर्न टोकं पुढे-मागे करून ठेवली, 'अशीच छान दिसते' म्हणून. त्याचे बरेच अधिकारी तशी घालत, पण तो स्वतः टोकं खांद्यांच्या दिशेला ठेवी, गर्दीतही ओळखू यायचा. मी फिरवली. दुपारी पुन्हा तशीच. तिसऱ्यांदा फिरवताना आत घामपट्टीवर पांढऱ्या खडूने बाण काढला आणि लिहिलं, 'ही बाजू कपाळाकडे'.